निवडुंगाची सोयरीक

होळी होऊन गेली की आमच्या शहाद्याचं ऊन एकदम रंग बदलतं. कालपरवापर्यंत पाठीवर घ्यावंसं वाटणारं ऊन सकाळीच गच्चीची फरशी तापवून ठेवतं. गल्लीत कुलर माळ्यावरून खाली उतरतात, त्यांच्या जुन्या गवताचा ओला वास सुटतो आणि जो तो कपाळाला हात लावून म्हणतो, यंदा काही खरं नाही. मी मात्र याच दिवसांची वाट बघत असते. माझ्याकडे एक चपटा निवडुंग आहे. त्याला काटे नाहीत. अर्ध्या कापलेल्या मोसंबीसारख्या त्याच्या फाका, आणि फाकांवर रांगोळीच्या ठिपक्यांसारखे पांढरे ठिपके. होळीनंतर त्याच्या डोक्यावर मधोमध करड्या लोकरीचा बारीकसा पुंजका दिसायला लागतो. ती कळी.

यंदा ती दिसली त्या सकाळी मी सवयीने खाली आले, ओट्यावरचा फोन उचलला, 'मार्थाबाई' हे नाव काढलं आणि बोट तसंच राहिलं. विसरवाडीला आता तो फोन उचलणारं कोणी नव्हतं. मी फोन ठेवला आणि चहा टाकला. चहा नेहमीसारखा झाला होता, पण अर्धा प्यायला आणि अर्धा ओतून दिला.

माझं लग्न राहून गेलं. 'राहून गेलं' हे बोलणं मला बरं वाटतं, कारण त्यात कोणाचा दोष नाही. दुकानातून येताना कोथिंबीर आणायची राहून जाते, तसंच ते. वडील अंथरुणावर होते, भाऊ लहान होता, आणि मला एसटीच्या डेपोत आरक्षणाच्या खिडकीवर नोकरी लागली होती. खिडकीच्या जाळीतून लोकांना सुरत, पुणे, नाशिकची तिकिटं देता देता केस पांढरे झाले. आता निवृत्त आहे. दोन खोल्या आणि वर गच्ची आहे, आणि गच्चीवर हिरव्या जाळीखाली माझा हा सगळा पसारा आहे.

निवडुंगांचा नाद मला कधी लागला ते नेमकं सांगता येणार नाही. डेपोतली एक बाई बदली होऊन गेली, तेव्हा तिने एक कुंडी माझ्या टेबलावर सोडली होती, तिथून सुरुवात झाली असावी. मग गुलाबी फुलांचे अडेनियम आले, कलम केलेली लाल-पिवळी डोकी आली, पाकळ्यांसारख्या पानांची नाजूक मंडळी आली. त्या नाजूक मंडळींनी आमचा वैशाख बघितला आणि माना टाकल्या. नंतर कळलं की पानांचे लाड इथे चालत नाहीत. विटेचा चुरा, कोळशाचा चुरा, थोडी वाळू, मूठभर खत, आणि पाणी घालायची हौस झाली की हात मागे बांधून उभं राहायचं. या छंदात सगळ्यात अवघड काम तेच. बाकीच्या झाडांना माया लावली की ती वाढतात. यांना माया लावली की ती कुजतात.

कळसाडीला माझा भाऊ असतो. कापूस आणि ऊस करतो. वहिनी शहाद्याला बाजाराला आली की माझ्याकडे टेकते, आणि दर खेपेला गच्चीवर जाऊन तेच म्हणते, "ताई, काटासनं झाड घरमा नही ठेवतस. घरमा कटकट व्हस."

"अगं, घरात मी एकटी," मी म्हणते. "कटकट कोणाशी होणार?"

यावर ती हसते आणि मग हसल्याबद्दल तिलाच वाईट वाटतं. निघताना ती मला दोन मेथीच्या जुड्या जास्तीच्या देऊन जाते. एकदा माझ्या एका निवडुंगाला ताटलीएवढं चॉकलेटी फूल आलं होतं. दिसायला मखमल, पण वास सडक्या मांसाचा. माश्या गोळा करायची त्याची तीच रीत आहे. वहिनीने पदर नाकाला लावून माझी अख्खी स्वयंपाकखोली धुंडाळली होती. "ताई, कोठे तरी उंदीर मरी गया!" मी तिला फूल दाखवलं, तर ती फुलाकडे न बघता माझ्याकडेच काळजीने बघत राहिली.

तर तो चपटा. नंदुरबारला कृषी प्रदर्शन होतं. ट्रॅक्टर, ठिबकच्या नळ्या, पपईची रोपं आणि त्या गर्दीत कोपऱ्यात एका रोपवाटिकेवाल्याचं टेबल. त्याच्याकडे या जातीची दोनच झाडं होती. मी एका कुंडीला हात घातला, त्याच क्षणी दुसऱ्या बाजूने एक काळासावळा, बांगड्यांशिवायचा हात त्याच कुंडीवर पडला.

"हे मी धरलं," ती म्हणाली. "तू ते घे ना."

तिच्या घरी मराठी बोलताना सगळ्यांनाच तू म्हणतात, हे मला पुढे कळलं. त्या वेळी माझ्या कपाळाला आठी पडली. ती मार्थाबाई. नवापूरच्या डोंगराकडची, ख्रिस्ती, सरकारी उपकेंद्रात नर्स म्हणून नोकरी केलेली. विसरवाडीच्या हमरस्त्यापासून थोडं आत तिचं कौलारू घर होतं. नवरा याकोबदादा भाताची शेती करायचा. दोन मुलं गुजरातेत कामाला. आम्ही दोघींनी दोन कुंड्या घेतल्या आणि बसस्टँडवर एकाच बाकावर बसून शेंगदाणे खाल्ले. बस यायच्या आत तिने माझ्या कुंडीतली माती बोटाने उकरून पाहिली आणि सांगितलं की मी हे झाड महिन्याभरात मारणार. मीही तिची कुंडी उकरली आणि तेच सांगितलं.

या जातीची एक खोड आहे. फूल पिवळंधमक, घशात लाल, दुपारच्या उन्हात उघडतं आणि संध्याकाळी मिटतं. दोनचार दिवसांचा खेळ. पण त्याला स्वतःचा पराग चालत नाही. कितीही घासा, बी धरत नाही. दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. म्हणजे माझ्या झाडाला तिचं आणि तिच्या झाडाला माझं. जिल्ह्यात आणखी कोणाकडे हे असेलही, पण आम्हाला माहीत नव्हतं.

त्यावरून आमची सोयरीक ठरली. कळी दिसली की फोन व्हायचा. फूल उमलायला आलं की मी कुंडी पिशवीत घालून मांडीवर घ्यायची आणि नंदुरबारहून नवापूरची बस धरायची. पहिल्याच वर्षी तिच्या ओट्यावर दोन्ही कुंड्या शेजारी ठेवल्या, मी रंगाचा बारीक ब्रश काढला, तर मार्थाबाई म्हणाली, "थांब. आधी बोलणी. आमची मुलगी आहे. देज काढ."

त्यांच्याकडे मुलाकडचे मुलीच्या बापाला देज देतात. मी म्हटलं, "मुलगी तुमची ना? मग आमच्यात मुलीकडचे हुंडा देतात. तुम्ही काढा."

ती मुलीची आई आणि मी मुलाची, यात आमचं दुमत नव्हतं. फक्त तिच्या रीतीने पैसे मी द्यायचे आणि माझ्या रीतीने तिने. दोन्ही बाजू घेणाऱ्या, देणारं कोणी नाही. अशी सोयरीक कुठे पार पडली असेल असं वाटत नाही. खरं तर त्या फुलात नर आणि मादी दोन्ही असतात, पण ते सांगायला गेलं तर भांडणातली मजाच गेली असती. याकोबदादा ओट्याच्या कडेला बसून दोर वळत होता. तो मान वर न करता म्हणाला, "दोन्ही विहिणी भांडा. फूल मिटून जाईल."

तेव्हापासून मी विहीणबाई झाले.

आपल्याकडे बाईला नावाने हाक मारणारे हळूहळू संपतात. मग ती कोणाची आई, कोणाची काकू, कोणाची सासू, कोणाची विहीण अशी उरते. मी डेपोत 'मॅडम' होते आणि भावाकडे 'ताई'. पुढची सगळी नाती माझ्या वाट्याला येण्याचं कारणच नव्हतं. आणि साठीच्या उंबरठ्यावर एका बिनकाट्याच्या निवडुंगापायी मला कोणीतरी विहीण म्हणायला लागलं. मला ते किती आवडायचं हे मी मार्थाबाईला कधी सांगितलं नाही. तिला ते कळलं असावं, कारण फोनवर ती वाक्यागणिक 'विहीणबाई' म्हणायची.

निघताना ती मला त्यांच्याकडच्या वासाच्या तांदळाची पिशवी द्यायची आणि मी जाताना केळी आणि पपया न्यायची. तिच्या हिशेबात माझी केळी म्हणजे देज, आणि माझ्या हिशेबात तिचे तांदूळ म्हणजे हुंडा. एका वर्षी माझं फूल आधी उमललं आणि तिची कळी मागे राहिली. तेव्हा मी पराग कागदाच्या पुडीत बांधला, पुडी डबीत कोरड्या तांदळात ठेवली आणि नवापूर गाडीच्या कंडक्टरच्या हाती दिली. मार्थाबाईने ती फ्रिजमध्ये अंड्यांच्या कप्प्यात जपली आणि फूल आल्यावर लावली. फूल सुकल्यावर तिचा फोन. ही खूण तिनेच शोधली होती. सुकलेलं फूल चिमटीत धरून अगदी हलकेच ओढायचं. हातात आलं, तर काही नाही. घट्ट चिकटून राहिलं, तर बी धरलं.

"विहीणबाई, ओढून पाहिलं," ती फोनवर ओरडली. "निघत नाही! आमच्या पोरीला दिवस गेले!"

मागल्या पावसाळ्यात ती गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. आयुष्यभर दुसऱ्यांचे ताप उतरवणारी बाई. मला ते एका ओळखीच्या कंडक्टरकडून कळलं, तेही दफन होऊन गेल्यावर. मी गेले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. सगळे त्यांच्या बोलीत बोलत होते. तिच्या नात्यातल्या एका तरुण मुलीने मला पाणी दिलं आणि विचारलं, "तुम्ही कोण?"

विहीण, असं मी म्हणणार होते. पण त्या घरात तिचे खरे व्याही बसलेले होते. मी म्हटलं, "ओळखीची." याकोबदादा मान खाली घालून भिंतीला टेकला होता. त्याने मला पाहिलंच नाही. ओट्यावर तिच्या कुंड्या पावसात भिजत होत्या. त्या आत घ्या असं सांगावंसं फार वाटलं, पण अशा वेळी कुंड्यांचं कोण बोलतं? मी पाणी प्यायले आणि परतीची बस धरली. परतीच्या वाटेवर एकच प्रश्न होता. मार्थाबाई गेल्यावर मी त्या घराची कोण? पुढे हिवाळाभर मी तिकडे फोन केला नाही, तिकडूनही आला नाही. फोन तिचा होता, तो बंदच असणार. ती सोयरीकही तिच्यापुरतीच होती आणि तिच्याबरोबर संपली, असं मी स्वतःला समजावत राहिले.

पण झाडाला यातलं काय ठाऊक? त्याने आपली कळी काढली. रोज थोडी थोडी वर आली, करडी लोकर बाजूला सारून पिवळं टोक दिसलं आणि एका दुपारी फूल लख्ख उघडलं. मी समोर स्टुलावर बसून राहिले. इतकं सुंदर फूल, आणि बघायला मी एकटी. मला त्या फुलाचा रागच आला. आणि मग रागाच्या भरातच मी उठले, कुंडी पिशवीत घातली, केळ्यांची फणी घेतली आणि निघाले. शेजारीण दारात होती. "कोठे चालनात ताई, इतला उन्हमा?" मी म्हटलं, "विहिणीकडे." तोंडातून निघून गेलं.

नंदुरबारला नवापूर गाडी लागलेलीच होती. कंडक्टर ओळखीचा, जुना, पण ती बातमी देणारा नव्हे. माझ्या मांडीवरची पिशवी बघून तो ओरडला, "बाई, नवरदेवनं हाफ तिकीट लागी बरं का!" त्याला मार्थाबाईचं कळलेलं नव्हतं. मी हसले. गावाबाहेर मिरच्यांच्या शेवटच्या पथाऱ्या अजून वाळत होत्या, लाल जमीन दूरवर पसरलेली. खिडकीतून ठसका आत आला आणि अख्खी बस खोकली. डोळे पुसायला ते बरंच झालं. पुढे टेकड्यांवर पळस फुलला होता, मोहाखाली बाया वाकून फुलं वेचत होत्या. मी दर वर्षी बघितलेलं सगळं जागच्या जागी होतं.

विसरवाडीला उतरून ट्रकांच्या धुळीतून आत गेले. ओटा रिकामा होता. एकही कुंडी नव्हती, नुसते गोल डाग. याकोबदादा आतून बाहेर आला. खूप वाळला होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मग पिशवीकडे.

"कुंड्या?" मी विचारलं.

"तिच्याकडे नेल्या," तो म्हणाला. "चल."

गावाबाहेर मुरमाच्या उतारावर त्यांची दफनभूमी आहे. त्याने मार्थाबाईची सगळी झाडं कुंड्यांतून काढून तिच्या कबरेवर लावली होती. गाळाची चांगली काळी माती डोक्यावरून वाहून आणली होती, तिच्यात लावली, आणि पाऊस उघडेल तेव्हा रोज पाणी घातलं होतं. आता तिथे वाळलेली सालं आणि तपकिरी पोकळ टरफलं पडली होती. ज्या झाडासाठी मार्थाबाई एकदा सुरतेहून फुटक्या काचेच्या ट्रकात बसून आली होती, तेही त्यात होतं. सगळी कुजून गेली होती.

"लोक हार आणतात, सुकतात," तो म्हणाला. "ती सांगायची, माझी झाडं सुकत नाहीत. म्हणून लावली. पण पावसात एकेक बसलं. पाणी कमी पडतं असं वाटून मी अजून घातलं."

ज्याला माया लावायची दुसरी रीत माहीत नाही, त्याला काय सांगणार? मी नुसती मान हलवली.

"ही एक राहिली," तो म्हणाला.

कबरेच्या डोक्याकडे, जिथे माती नव्हती, नुसता मुरूम आणि दगडगोटे होते, तिथे ती चपटी बसली होती. अर्धी जमिनीत शिरलेली, धुळीने माखलेली, एका फाकेवर ओरखडा. पण टणक. तिला तिथे का लावलं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "ती मुलगी ना आमची. बाकीच्यांच्यात कशी लावू? आईच्या उशाशी ठेवली."

मी गुडघ्यांवर बसले आणि फुंकर मारून धूळ उडवली. मधोमध करड्या लोकरीचा पुंजका होता. कळी, अजून मिटलेली. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. याकोबदादा शेजारी उकिडवा बसला आणि माझं होईपर्यंत समोरच्या डोंगराकडे बघत राहिला.

मग मी माझी कुंडी काढली. फूल अजून उघडं होतं. ब्रशने पराग कागदावर झटकला, पुडी बांधली, आणि तिचं फूल उघडेल त्या दुपारी काय करायचं ते त्याला दाखवलं. त्याने तो ब्रश आपल्या जाड बोटांत धरला आणि हवेतच दोनदा फिरवून पाहिला. "तिचा फोन पेटीत आहे," तो म्हणाला. "चालू करून घेतो."

केळी मी ओट्यावर ठेवली. तांदळाची पिशवी या वेळी नव्हती आणि मी ती विचारलीही नाही.

घरी आले. दिवस गेले ते तसेच गेले. ऊन वाढलं, हिरवी जाळी दुहेरी केली. तिकडे फूल उघडलं का, त्याला जमलं का, की पुडी पेटीतच राहिली, काही कळत नव्हतं. फोन करावा असं रोज वाटायचं आणि मी करत नव्हते. तो उचलला गेला नाही तर मी त्या घराची कोणी नाही हे पक्कं झालं असतं, आणि ते ऐकायची माझी तयारी नव्हती. माझं फूल केव्हाच सुकलं होतं. एका सकाळी मी ते चिमटीत धरलं. ओढावंही लागलं नाही, अलगद हातात आलं. ते मी कुंडीच्या कडेला ठेवलं आणि खाली येऊन भाजी निवडायला बसले.

फोन वाजला. पडद्यावर 'मार्थाबाई' हे नाव आलं. कोण असणार ते मला माहीत होतं, तरी ते नाव वाजताना बघत मी थोडी थांबले. मग उचलला.

"विहीणबाई," पलीकडून याकोबदादा बोलला. मागे वाऱ्याचा आवाज होता, तो कबरेपाशीच उभा असणार. "ओढून पाहिलं. निघत नाही."

मी मांडीवरची भाजी बाजूला सारली. तो जरा दरडावून म्हणाला, "ऐकलं का? आमच्या पोरीला दिवस गेले. देज कधी आणते?"

"आणते," मी म्हणाले. "पण आमच्या हुंड्याचे तांदूळ राहिलेत, ते काढून ठेवा."